टायरची पकड

मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे एंजिन, वेग व रंग यांविषयीं आमचे बालवाचक तासन् तास बोलूं शकतात. परंतु जमिनीशीं ज्याची खरी गांठ, त्या टायरचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. वास्तविक प्रत्येक टायर रस्त्यास टेकतो तो सुमारें एका तळहाताएवढ्या जागेनें. गाडी वळते, थांबते, सावरते, तें सर्व ह्या चार तळहातांच्या भरंवशावर. म्हणून वेगवान गाड्यांच्या टायरांसंबंधीं आम्हीं जें वाचलें व पाहिलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अशा गाडीचा मालक टायर निवडतांना बहुधा कोरड्या रस्त्याचा विचार करतो. त्यासाठीं केलेला टायर रुंद असतो, त्याचें रबर मऊ असतें व त्यावर खाचा थोड्या असतात. मऊ रबर डांबरांतील बारीक खडीच्या उंचसखल पृष्ठांत शिरून तिला धरून राहतें. आणि खाच म्हणजे तेवढें रबर कमी. हाच विचार शेवटास नेला तेव्हां, १९७१ सालीं, फॉर्म्युला वन शर्यतींत खाचा मुळींच नसलेले गुळगुळीत टायर आले. कोरड्या धांवपट्टीवर, नीट तापल्यावर, त्यांस तोड नाहीं.

पण मध्यें पाणी आलें कीं सारें गणित उलटतें. गणित म्हणतों तें अक्षरशः. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी, घर्षणांक ०.८ असतां, ब्रेक दाबल्यापासून सुमारें ३२ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तोच अंक ०.४ झाला कीं ६३ मीटर लागतात. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें स्वतः करून पाहावें.

पाणी सांचलें असेल तर याहूनहि वाईट घडतें. आपल्या तलावांच्या जिल्ह्यांत बोडीच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकून त्यास उड्या मारावयास लावणें कोणत्या मुलास ठाऊक नाहीं? रुंद, गुळगुळीत टायर भर वेगांत त्या दगडासारखाच वागतो. बाजूस सरण्यास अवधि न मिळाल्यानें पाणी टायरखालीं पाचरीसारखें शिरतें व चाक रस्त्यावरून उचललें जातें. मग स्टिअरिंग कितीहि फिरवा, गाडी ऐकत नाहीं. अमेरिकेच्या नासा संस्थेनें विमानांच्या टायरांवर प्रयोग करून यासाठीं एक सूत्र दिलें आहे. त्याप्रमाणें ३२ पौंड हवा असलेला टायर सांचलेल्या पाण्यावर ताशीं सुमारें ९४ किलोमीटरला तरंगूं लागतो, आणि हवा २४ पौंडांवर उतरली असेल तर सुमारें ८२ लाच. खोल खाचांनीं पाण्यास वाट मिळते व हा प्रसंग टळतो. शर्यतीचा पूर्ण पावसाळी टायर ताशीं ३०० किलोमीटर वेगांत सेकंदास ८५ लिटर पाणी बाहेर फेकतो, असें तो तयार करणारी पिरेली कंपनी सांगते. घागरींनीं मोजावयाचें तर सेकंदाला पांच-सहा घागरी!

रबराचा मसालाहि निराळा लागतो. १९९२ च्या सुमारास मिशेलीन कंपनीनें काजळीच्या जागीं सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचा पदार्थ, घालण्यास आरंभ केला व ओल्यांतील पकड सुधारली. युरोपांत विकल्या जाणाऱ्या टायरवर ओल्या पकडीची श्रेणी छापावी लागते. कोरड्या पकडीची श्रेणी त्या चिठ्ठीवर नाहींच. आम्हांस ही गोष्ट फार बोलकी वाटते.

सर्वांत उत्तम टायर कोणता, असें विचारणाऱ्यास आम्ही २००५ सालची हकीकत सांगतों. त्या मोसमांत फॉर्म्युला वनच्या १९ पैकीं १८ शर्यती मिशेलीन टायरवाल्यांनीं जिंकल्या. उरलेली एक इंडियानापोलिसची, १९ जूनची. तेथील एका अंगास कललेल्या वळणावर हा विजयी टायर भार सोसत नाहीं असें सरावांत दिसलें व १४ गाड्या शर्यत सुरू होण्यापूर्वींच माघारी फिरल्या. राहिलेल्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला व फॉर्म्युला वनमध्यें गुण मिळविणारा पहिला भारतीय ठरला. टायर तोच, रस्ता दुसरा.

आतां आपल्या रस्त्याकडे येऊं. आमचा पुतण्या पुण्यास नोकरीस असून त्यास ह्या विषयाचा मोठा नाद. दोनच माणसें बसणारी एक वेगवान मोटार त्यानें घेतली आहे व चेन्नईनजीकच्या धांवपट्टीवर हौसेनें पळविण्यासाठीं तिला कमी खाचांचे, मऊ रबराचे टायर बसविले होते. गेल्या आषाढांत तो तीच घेऊन गोरेगांवकडील आमच्या घरीं आला. आमच्या वहिनींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नागपुरास ठरली होती. आईस आपल्याच गाडींतून, कोहमारा-साकोलीवरून महामार्गानें न्यावें, हा त्याचा हट्ट.

“काकाजी, हा टायर डिंकासारखा चिकटतो. साध्या टायरच्या दुप्पट किंमत मोजली आहे.”

“कोठें चिकटतो?”

“चेन्नईला.”

“केव्हां?”

“फेब्रुवारींत,” असें म्हणून तो स्वतःच हंसला.

आम्हीं पट्टी आणून खाच मोजली. जेमतेम दोन मिलिमीटर. खाचेच्या तळाशीं १.६ मिलिमीटरचे बारीक उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीस आलें कीं टायर संपला असें समजावयाचें. गॅरेजांत ज्यास ‘गोटा’ म्हणतात तसा हा अद्यापि झाला नव्हता. परंतु दिवस रोवणीचे. ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर बांध्यांतील चिखल डांबरावर आलेला, वरून पावसाची झड. पुतण्या म्हणाला, साठाच्या वर जाणार नाहीं. त्याचें म्हणणें पोकळ नव्हतें. साठाच्या वेगानें तें ६३ मीटर अंतर ३५ वर येतें. पण पाठीमागून येणारा ट्रक साठाचें व्रत पाळील काय, ह्यावर बराच वेळ खल चालला. अखेर आंतून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं दोघांचं गणित सुटेपर्यंत माझा मोतीबिंदू पिकून जाईल. आगगाडीचं तिकीट काढा.”

दुसऱ्या दिवशीं मायलेंकरें गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसनें नागपुरास गेलीं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परततांना पुतण्यानें ओल्या रस्त्यासाठीं केलेले, खोल खाचांचे चार टायर आणविले. काढलेले चार सध्यां आमच्या पडवींत टांगले आहेत. फेब्रुवारींत ते चेन्नईस जावयाचे आहेत.