मलिंगरच्या रस्त्यावरची शाळा

आयर्लंडच्या मध्यभागी, वेस्टमीथ परगण्यात मलिंगर हे छोटे शहर आहे. डब्लिनहून आगगाडीने साधारण तासाभराची वाट. बराच वेळ जुना रॉयल कालवा रुळालगत सोबत करतो. भाचा डब्लिनला नोकरीला आहे, म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिकडे गेलो होतो. त्याच सुमारास मलिंगरला ‘फ्ला ख्योल’ भरला होता. आयरिश भाषेत याचा अर्थ संगीताचा सण.

या सणाची सुरुवात १९५१ साली याच गावात झाली. त्या काळी पोटापाण्यासाठी तरुण देश सोडून जात होते आणि जुने वाजवणारे म्हातारे होत चालले होते. आपल्यामागे हे सारे बुडेल, या काळजीने काही वादक एकत्र आले आणि त्यांनी स्पर्धा सुरू केल्या. आता आधी परगण्याची फेरी, मग प्रांताची, आणि शेवटी संपूर्ण आयर्लंडची. बारा वर्षांखालील मुलांपासून मोठ्यांपर्यंत चार वयोगट. फिडल, बासरीसारखी टिन व्हिसल, कोपराने भाता दाबून वाजवायचे इलन पाईप्स, हार्प, नाच, गाणे, गोष्ट सांगणे, इतकेच काय, आयरिश भाषेतल्या संभाषणाचीही स्पर्धा असते. ‘बौरान’ हे बकऱ्याच्या कातड्याचे वाद्य पाहून आम्हाला आपला दफच आठवला. फक्त ते आखूड काठीने वाजवतात.

या देशात स्पर्धांचा असा दुसराही उपक्रम आहे. गेलिक खेळांच्या संघटनेने १९६९ मध्ये ‘स्कोर’ सुरू केला. हिवाळ्यात मैदाने थंडावली की गावोगावचे क्लब समूहनृत्य, गायन, वादन आणि प्रश्नमंजूषेत उतरतात. सतरा वर्षांखालील मुलांचा विभाग वेगळा असतो.

मलिंगरच्या एका सभागृहात दहाएक वर्षांची मुलगी फिडल वाजवत होती. समोर कागद नव्हता. धून पूर्ण पाठ होती. तिला बक्षीस मिळाले नाही. तासाभराने तीच मुलगी आम्हाला फुटपाथवर दिसली. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. ते एक तुकडा सावकाश वाजवत, ती ऐकून परत वाजवी. चुकली की ते रागावत नसत, तोच तुकडा पुन्हा वाजवत. हळूहळू आणखी सात-आठ जण खुर्च्या ओढून बसले. कोण जिंकले, कोण हरले, हे तिथे कुणी विचारत नव्हते. पबमध्येही अशा बैठका चालतात, पण मुलाबाळांसह आलेल्या आम्हाला रस्ताच पुरेसा होता.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. त्यामुळे भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मनाला लागली. आयरिश भाषा तिथल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी ती येते असे सांगितले. पण शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार! पुस्तक होते, शिक्षक होते, परीक्षा होती, तरी बहुतेक घरांतून भाषा निघून गेली. संगीताचे मात्र तसे झाले नाही. ते आजोबांच्या मांडीजवळ शिकले गेले, शेजाऱ्यांसमोर वाजवले गेले. स्पर्धेने मुलांना रियाजासाठी एक तारीख दिली. बाकीचे काम घराने आणि मोहल्ल्याने केले.

आपल्याकडेही पालक विचारतात, “सर, मुलाला उर्दू वाचता येते, पण बोलत का नाही?” याचे उत्तर आम्हाला मलिंगरच्या फुटपाथवर मिळाले. शाळा वाचायला शिकवील. बोलायला घरात कुणीतरी समोर बसलेले हवे. नानीला येणारी कोडी, दादीच्या लग्नगीतांच्या चाली, अब्बांच्या तोंडी असलेल्या म्हणी अजून आपल्या घरांत आहेत. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून त्या मुलांना ऐकवा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. चुकले तर रागावू नका, पुन्हा सांगा.