महेशचंद्रांचा उंट

परवा भाचीने फोनवर बुद्धिबळाच्या चार खेळ्या केल्या न केल्या, तोच पडद्यावर त्या सुरुवातीचं नाव उमटलं : ग्रुनफेल्ड डिफेन्स. माझ्या कपाळावर आठी चढली.

आमचे नाना काळी मोहरी घेत. राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवायचा आणि त्याच्या डोक्यावर तर्जनी टेकवून ठेवायची. समोर शेजारचे बापू मांडी बदलत म्हणायचे, ‘‘नाना, सोडा आता त्याला!’’ बोट हलायचं नाही. बापू प्यादं दोन घरं टाकत. नाना गावाकडच्या देशी रिवाजाप्रमाणे एकच. त्या रिवाजात वाढलेल्या माणसाला उंट असा कडेने काढावासा वाटणार, हे मला अगदी साहजिक वाटतं.

१८५५ साली कलकत्त्यात असाच उंट काढणाऱ्या महेशचंद्र बॅनर्जींनी बॅरिस्टर जॉन कॉक्रनसमोर तिसऱ्याच खेळीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं लोटलं आणि लगेच तो उंट त्याच घरात बसवला. एर्न्स्ट ग्रुनफेल्डने ही सुरुवात गाजवली १९२२ मध्ये, तब्बल ६७ वर्षांनी. कॉक्रनच्या नावाचाही गॅम्बिट (बळी देऊन काढलेला डाव) पुस्तकांत आहे, आणि तोही महेशचंद्रांविरुद्धच खेळलेला! त्यांच्या वाट्याला काय आलं, तर ‘इंडियन डिफेन्स’. माणूस गेला, देश उरला. हा सल माझ्या मनातून जात नाही.

१८५५चा तो डाव महेशचंद्र हरले. कॉक्रनने घोड्याने दुहेरी शह दिला की काळा राजा कोपऱ्यात. मग वजिराचा बळी, तो हत्तीने घ्यायचा आणि पुन्हा घोड्याची मात. राजाला पळायला जागा नाही, कारण शेजारच्या घरात त्याचाच तो लाडका उंट ठाण मांडून बसलेला. पटावर हे मांडलं की मला नानांचं बोट दिसतं. नखाशी तपकिरीचा डाग, खाली उंटाची झिजलेली टोपी.

कॉक्रनशी झालेले डाव विलायतेतल्या बुद्धिबळाच्या मासिकात छापले गेले, म्हणून महेशचंद्र आपल्याला भेटतात. नाना-बापूंचा एकही डाव कुणी लिहिला नाही. दोघेही गेले, ते कसे खेळत हे सांगायला माझ्याकडे पहिल्या दोन खेळ्या आहेत, पुढचं काही नाही.

तुमच्या घरात असं कुणी अजून पट मांडून बसत असेल, तर शेजारी वही घेऊन बसा. खेळ्या उतरवून घ्या आणि वर त्यांचं नाव घाला.