कबर नसलेली माणसं

आइसलंडची राजधानी रेक्याविक. शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहते आहे. तिथं घराच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात माणसाचं हाड सापडतं. एर्लेंदुर नावाचा पोलीस अधिकारी तपासाला येतो. सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला असावा, असा अंदाज निघतो. खून झाला असेल तर खुनीही बहुधा मेला असेल. मग तपास कशासाठी करायचा?

अर्नाल्दुर इंद्रिदासॉन यांची 'सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह' ही कादंबरी या प्रश्नावर उभी आहे. मूळ पुस्तक २००१चं. इंग्रजी अनुवादाला २००५ साली ब्रिटनचा 'गोल्ड डॅगर' पुरस्कार मिळाला. आपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेली माणसं. तिथं गुन्हेगार पकडला की गोष्ट संपते. इथं पकडायला कुणी नाही, तरी एर्लेंदुर हटत नाही. लहानपणी हिमवादळात त्याचा भाऊ हरवला, तो कधीच सापडला नाही. त्यामुळे बेपत्ता माणसाची वाट पाहणं काय असतं, हे त्याला ठाऊक आहे.

पुस्तक वाचताना मला सारखी नानी आठवत होती.

नानी मूळची उस्मानाबादकडच्या एका खेड्यातली. लहान असताना आईचा हात धरून औरंगाबादला आली आणि इथलीच झाली. तिचं सगळं कॅलेंडर दोन भागांत होतं: 'पोलीस ॲक्शनच्या आधी' आणि 'पोलीस ॲक्शनच्या नंतर'. तिच्या वडिलांबद्दल विचारलं की ती पानदान पुढे ओढायची. "जान दे बेटा, हो गया सो हो गया." शब-ए-बरातला घरातले पुरुष कब्रस्तानात फातेहा पढायला जात. नानीच्या वडिलांची फातेहा मात्र घरातच व्हायची, कारण त्यांची कबरच नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. त्याआधी रझाकारांनी गावोगावी खंडणी उकळली, लुटलं, माणसं मारली. ज्यांनी ते सोसलं, त्यांच्या घरातही असं मौन असणार. पण त्यानंतर जे झालं, ते रझाकारांशी काही संबंध नसलेल्या मुसलमानांनाही भोगावं लागलं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांचा अंदाज होता किमान २७ ते ४० हजार मृतांचा. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यांनी केली आहे. हा अहवाल सरकारनं छापला नाही. २०१३मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचता येऊ लागल्याची बातमी आली, तेव्हा नानी नव्हती.

दरवर्षी १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होतं. ते व्हायलाच हवं. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या साथीदारांचा लढा माझाही आहे. नानीच्या वडिलांविषयी बोललं तर हा लढा लहान होत नाही. तरीही हा विषय काढला की एकजण म्हणतो, जखमा उकरू नका. दुसरा हळूच विचारतो, कुणाचं नाव घेणार आहेस? दोघांनाही वाटतं की माहिती विचारणं म्हणजे हिशेब मागणं.

एर्लेंदुरच्या तपासातून कुणी तुरुंगात जात नाही. पण तो चिकाटीनं शोधत राहतो, म्हणून एका म्हाताऱ्या बाईला आयुष्यभर पोटात ठेवलेलं सांगायला कुणीतरी ऐकणारा भेटतो. मला यातलं एवढंच हवं आहे. नानीचे वडील कुठल्या गावी, कुठल्या दिवशी गेले, त्यांना कुणी मातीत ठेवलं की नाही. मारणाऱ्याचं नाव नाही कळलं तरी चालेल.

१९४८मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत. रोशन गेटला, शहागंजला, आणि शेजारच्या हिंदू मोहल्ल्यांतही अशी काही माणसं अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा आणि दोन्ही बाजूंचं विचारा. ती 'जाने दे' म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.