उरलेल्या जाणिवेची तालीम

संडास धरून ठेवण्यात स्नायूच्या बळाइतकेच मोल वेळेला असते. गुदाशयात मल उतरला की गुदद्वाराचे आतले वलय आपोआप सैल होते आणि त्याच क्षणी इच्छेच्या ताब्यातले बाहेरचे वलय आवळावे लागते. त्याला हुकूम पोहोचवणारी प्यूडेंडल नस अवघड बाळंतपणात ताणली गेली किंवा जुन्या मधुमेहाने मज्जातंतू झिजले, तर गुदाशय भरल्याचे उशिरा कळते, आवळण्याचा जोर कमी पडतो, किंवा दोन्ही होते. रुग्णाला धड न जाणवणारी शरीरक्रिया यंत्राद्वारे डोळ्यांना दाखवून तिच्यावर ताबा मिळवायला शिकवणे म्हणजे बायोफीडबॅक. संडास न धरता येण्याच्या विकारात त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकेतील एंगेल, निकूमानेश व शुस्टर यांनी १९७४ मध्ये मांडले.

गुदाशयात ठेवलेल्या छोट्या फुग्यात हवा भरली जाते, गुदद्वारातला दाब पडद्यावर रेषेच्या रूपाने उमटतो, आणि भरल्याचे कळताच रुग्णाने श्वास न रोखता फक्त गुदद्वार आवळायचे असते. रेषा चढली, पण सोबत पोट आणि मांड्याही ताठल्या, तर ती चढण फसवी असते; म्हणून जाणता उपचारक पडद्याइतकेच पोटावर ठेवलेल्या हातावर विसंबतो. पुढे हवा कमी कमी करत पुसट भरावही ओळखायला शिकवतात, आणि अखेरीस पडदा रुग्णाच्या नजरेआड करतात, कारण घरी रेषा नसते.

बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटताच माग थांबवणाऱ्या काट्याप्रमाणे इथेही खूण वेळेवर पोहोचण्याला महत्त्व आहे, हे भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला चटकन पटते. मात्र बारा तासांची पाळी आणि सामाईक संडास यांत गुदद्वार आवळण्याच्या घरच्या व्यायामाच्या वेळा बसवाव्या लागतात, आणि ‘पोट बिघडतं’ एवढेच सांगणाऱ्या बाईला ‘कपडे खराब होतात का?’ हे उपचारकालाच आधी विचारावे लागते.

जाणीव आणि हुकूम पोहोचवणाऱ्या नसा पुरत्या तुटल्या असतील, तर शिकवायला काही उरत नाही. शिवाय यंत्र प्रत्येकाला लागतेच असेही नाही: लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील २००३ च्या चाचणीत नीट सल्ला मिळालेल्यांनाही बायोफीडबॅक घेतलेल्यांइतकाच गुण आला. २००९ च्या अमेरिकी चाचणीत मात्र सुरुवातीच्या सल्ल्याने पुरेसा आराम न पडलेल्यांमध्ये बायोफीडबॅक नुसत्या व्यायामापेक्षा सरस ठरले. तेव्हा आधी आहार, शौचाच्या सवयी आणि मोकळे बोलणे, आणि एवढ्याने न भागणाऱ्यांसाठी यंत्र, हा क्रम शास्त्राला धरून आहे आणि कामगाराच्या खिशालाही झेपणारा आहे.