बारड्यावरची बारा वर्षे

आमच्या शेजारचे बिऱ्हाड मध्यंतरी मेक्सिकोला जाऊन आले. आल्यावर त्यांनी आम्हा सर्वांना दिवाणखान्यात बसविले आणि चिचेन इत्सा येथील माया लोकांच्या प्राचीन नगरीची शेकडो छायाचित्रे दाखविली. आम्ही मनोरे पाहिले, पायऱ्या पाहिल्या, पायऱ्यांपुढे उभे राहिलेले शेजारी पाहिले. "एका दिवसापुरता खास आमच्यासाठी वाटाड्या केला होता. पैसे जरा जास्त पडले, पण माणूस मोठा माहितगार!" असे सांगून त्यांनी उसासा टाकला, "काय लोक होते! आणि पाहा, कसे नाहीसे झाले!" पुढच्याच छायाचित्रात तो वाटाड्या आला. "हा स्वतः माया आहे हं. घरी तीच भाषा बोलतो."

"मग नाहीसे कोण झाले?" आमच्या मंडळींनी विचारले.

शेजाऱ्यांनी पुढचे छायाचित्र काढले. पण प्रश्न खरा होता. त्या नगऱ्या ओस पडल्या, माया माणसे मात्र लाखोंनी आजही त्याच मुलखात नांदत आहेत. दगड पाहायला गेलेल्याला शेजारचा माणूस दिसत नाही, हा प्रवाशांचा जुनाच रोग आहे.

मेक्सिकोला जाण्याइतके बळ आमच्या खिशात नाही. परंतु जुने अवशेष, एक दिवसाची सहल आणि आपला स्वतःचा वाटाड्या, एवढी मौज तर लोकलच्या तिकिटातही साधते! गेल्या पौषात सौ., आमचे सातवीतले चिरंजीव आणि मी असे तिघे डहाणूची गाडी धरून निघालो. बेत होता बाहरोटची लेणी पाहण्याचा. पुस्तकातले नाव बाहरोट. तिथल्या लोकांच्या तोंडी मात्र तो 'बारड्याचा डोंगर'.

डहाणू म्हटले की आपल्याला समुद्र आणि चिकू आठवतो. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण स्टेशनाला पाठ करून पूर्वेला निघालात, की थोड्याच वेळात बागा संपतात आणि साग, पळस, मोह सुरू होतात. 2014 साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा उत्तरेचा भाग. डहाणू आणि तलासरी हे इथले दोन तालुके वारल्यांचे. डहाणूतल्या माझ्या एका शिक्षक स्नेह्यांच्या ओळखीने आमची रात्रीची सोय कैनाडला एका वारली कुटुंबात झाली होती. घरचे यजमान हेच आमचे वाटाडे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, बोलणे मोजके.

घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले. आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक होता; मध्ये पालघाट देवी, भोवती नाचणारी माणसे, झाडे, पाखरे. पण निम्मे पीठ गळून गेले होते. आमच्या सौ.ला राहवेना. "इतकं सुंदर काम, आणि पक्क्या रंगात का नाही करत?" तिने घरच्या बाईंना विचारले.

"लगीन झालं ना," बाई हसून म्हणाल्या. "पुढल्या लग्नाला पुन्हा लिहायचा."

चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. हीच कला कागदावर आणणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या घरात मात्र चौक नावासाठी नव्हता, कामासाठी होता. आणि काम झाल्यावर तो गळून जायला मोकळा होता.

रात्री मोबदल्याचे बोलणे काढले. वाटाडे म्हणाले, "बागेतला एक रोज बुडंल, तेवढा द्या." सौ.ने चार दाणे अधिक पडतील असा बेत ठरवून टाकला आणि आम्ही झोपलो.

भल्या पहाटे रिक्षाने अस्वालीच्या धरणाशी उतरलो. शिदोरीत घरच्या बाईंनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. डोंगर सुमारे दीड हजार फुटांचा. आकडा ऐकायला लहान आहे; गुडघ्यांना तो मोठा वाटतो. वाटाडे पुढे, चिरंजीव त्यांच्या मागे, मधे सौ. आणि शेवटी धापा टाकीत आस्मादिक. धापेतूनही मी इतिहास सांगत होतो, कारण तयारी करून आलो होतो आणि श्रोते पळून जाण्यासारखे नव्हते.

इतिहास थोडक्यात असा. इराणात अरबांची सत्ता आल्यानंतर आपला धर्म राखण्यासाठी काही जरथुश्त्री कुटुंबे समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्याला लागली आणि संजाणला स्थायिक झाली. हे संजाण बारड्याच्या उत्तरेला सुमारे 25 किलोमीटरवर, आज गुजरातेत आहे. जुने मोठे बंदर ते. डहाणू तालुक्यातल्याच चिंचणीला राष्ट्रकूट काळातला इसवी सन 926 चा ताम्रपट सापडला आहे. संजाणचा कारभार तेव्हा राष्ट्रकूट राजाच्या वतीने एक अरब मुसलमान अधिकारी पाहत होता, आणि त्या लेखात त्याला चक्क 'मधुमति' म्हटले आहे! महंमदाचा मधुमति करून टाकणारे हे बंदर. त्याला परका माणूस नवा नव्हता. संजाणला 2002 पासून तीन हंगाम उत्खननही झाले.

या लोकांनी संजाणला जो पवित्र अग्नी स्थापिला, तो 'इराणशाह'. असा आतश बेहराम सिद्ध करायला सोळा ठिकाणचा अग्नी लागतो. त्यात कुंभाराच्या आव्याचा असतो, लोहाराच्या भट्टीचा असतो, सोनाराच्या शेगडीचा, मेंढपाळाच्या शेकोटीचा; आकाशातून पडलेल्या विजेचाही असतो. तो एकदा प्रज्वलित झाला की विझू द्यायचा नाही.

पुढे सुलतान महमूदाचा सरदार अलफखान संजाणवर चालून आला. हे चौदाव्या शतकात घडले की पंधराव्या, यावर पंडितांचे एकमत नाही. हिंदू राजाच्या बाजूने पारशीही लढले, पण संजाण पडले. तेव्हा मोबेद म्हणजे पारशी धर्मगुरू अग्नी उचलून या डोंगरावर आले आणि बारा वर्षे राहिले. नवसारीच्या बहमन कैकोबाद या मोबेदाने 1599 साली फारसी पद्यात लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये ही हकीकत आली आहे. बारड्यावरून अग्नी वांसद्याला गेला, तिथून नवसारीला, आणि आणखी मुक्काम करीत 1742 साली उदवाड्याला पोचला. तो अद्याप तिथे तेवत आहे.

एवढे सांगून होईपर्यंत माथा आला.

वेरूळ-अजिंठ्याच्या आशेने जाणाऱ्याने बारड्यावर जाऊ नये. ना मूर्ती, ना वेलबुट्टी. खडकात खोदलेली साधी लेणी. मुळात ती बौद्ध भिक्षूंनी खोदली अशी समजूत आहे. जवळ पाण्याची कोरीव टाकी. बस्स! चिरंजीवांचा चेहरा पडला. "एवढंच?" ते म्हणाले. पण बाहेर येऊन पाहिले तर पश्चिमेला चिकूच्या बागांपलीकडे समुद्राची रुपेरी पट्टी, त्याच बाजूला खाली डहाणूच्या वीजकेंद्राची उंच चिमणी, आणि पूर्वेला तलासरीकडचे डोंगर एकामागे एक उभे. शत्रू कोणत्याही दिशेने येवो, इथून तो आधी दिसला असता.

आम्ही लेण्याच्या तोंडाशी सावलीत बसलो. भाकरी सोडली. मी पुन्हा सुरू केले, "याच जागी बारा वर्षं तो अग्नी..."

वाटाड्यांनी इतका वेळ एक अक्षर काढले नव्हते. आता त्यांनी हातातली काटकी मोडली आणि विचारले, "लाकूड कोण आणी?"

"म्हणजे?"

"आग ठेवायची तर लाकूड लागतं. वल्लं नाय चालत, धूर होतो. पावसाचं चार महिनं इथं ढग खाली उतरतात. सुकं लाकूड चैत-वैशाखात तोडून, वाहून, छपराखाली रचून ठेवाय लागतं. पूजा करनारी मानसं ती. हे काम कोन करी?"

मी गप्प झालो. वाचलेल्या कोणत्याही पानावर हा प्रश्न मला भेटला नव्हता. सौ. मात्र चटकन म्हणाली, "अगदी खरं! आमच्या आजोळी पावसाळ्याच्या आधी सरपण भरून ठेवायचे, तेव्हा कुठे चूल पेटायची."

मग आम्ही तिथेच हिशेब मांडला. आतश बेहरामात दिवसाच्या पाच प्रहरांना पाच वेळा अग्नीला इंधन वाहतात. वर्षाचे 365 दिवस, अशी बारा वर्षे. चिरंजीवांनी मातीत काटकीने गुणाकार केला: 21,900. एकवीस हजार नऊशे वेळा लाकूड! आणि शिवाय माणसांना धान्य लागणार, मीठ लागणार, जंगलातली वाट दाखवायला कोणीतरी लागणार.

"आणि लपले म्हंता," वाटाडे पुढे म्हणाले, "रोज धूर निघतो तो काय लपतो? खालच्या पाड्यावर दिसतोच. डोंगरातल्या मानसांना ठावं असनारच. त्यांनी कोनाला सांगितलं नाय, म्हनून ते राहिले."

हा त्यांचा अदमास आहे, पुरावा नव्हे, हे मी सांगितले पाहिजे. पण जंगलात जन्म काढलेल्या माणसाचा अदमास आहे; आणि बारा वर्षांच्या त्या हकीकतीत माझ्यासारख्याला जी मोकळी जागा दिसलीच नव्हती, ती त्यांना पहिल्याच ऐकण्यात दिसली. लपायला डोंगर पुरत नाही. न सांगणारी माणसेही लागतात.

चिरंजीवांनी त्यांना विचारले, "काका, तुमच्या घरची आग विझली तर?"

"राखेत निखारा झाकून ठेवतो. तरी विझला तर शेजारच्या घरून आनायचा. आगीला नाय म्हनत नाय कोनी." जरा थांबून ते म्हणाले, "कुंभाराची, लोहाराची आग त्या देवात हाय म्हनालात ना? मंग ती पन मागूनच आनली की."

उतरताना बोलणे आपोआप त्यांच्याकडे वळले. मी विचारले नव्हते, पण वाटेत एका जागी थांबून त्यांनी सांगितले की त्यांचे आजोबा 'लग्नगडी' होते. वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द ठाऊक नसेल. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. त्यावर वेठ वेगळी. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्यांना किसान सभेत आणले होते. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ गेली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला 1972 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या कपाटात ते असेल. झरी मात्र नकाशात कुठे आहे, हे फारच थोड्यांनी पाहिले असेल.

"आजा कुठं राबत होता, तो वाडा अजून हाय?" असे चिरंजीवांनी काकांच्याच बोलीत विचारले. ते म्हणाले, "वाडा पडला. दगड लोकांनी नेले, बांधाला लावले."

त्या पडक्या वाड्याचे छायाचित्र कोणी काढलेले नाही, तिथे पाटी नाही. वारल्यांच्या मुलखात वारल्यांचे अवशेष शोधाल तर हाती काही लागणार नाही. त्यांचे घर कुडाचे, त्यांचा चौक पिठाचा, त्यांचा तारपा भोपळ्याचा. सारे मोडते आणि पुन्हा केले जाते. दगडात काही ठेवले नाही म्हणून त्यांनी काही राखले नाही, असे मात्र कोणी समजू नये.

तुमच्यापैकी कोणाला बारड्याला जायचे असेल तर हिवाळ्यात जा. उन्हे चढायच्या आत वर पोचा. प्यायचे पाणी बरोबर न्या. वर गेल्यावर कागद-पिशव्या टाकू नका आणि भिंतींवर नावे कोरू नका. पारशी मंडळींची ती श्रद्धेची जागा आहे. लेण्यात पायताण बाहेर ठेवून गेलात तर शोभून दिसेल. आणि वाटाड्या गावातलाच घ्या. त्याचा बुडालेला रोज भरून द्या, वर थोडे द्या. घासाघीस करू नका. तुम्ही पाठ करून आलेला इतिहास त्याला अवश्य सांगा. पण सांगून झाल्यावर जरा गप्प बसा. त्याला काही विचारायचे असेल.