भिंगावरची धूळ

आमच्या आजीचा एकही फोटो घरात नाही. त्या काळी फोटो काढणे परवडत नव्हते. म्हणून वस्तीत कुणी पै-पै साठवून कॅमेरा घेतला की मला आनंद होतो आणि तो जपला जावा असे वाटते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेले की कॅमेऱ्यावर धूळ अन् वाळू बसतेच. घरी आल्यावर शर्टाच्या टोकाने किंवा पदराने भिंग पुसू नये. वाळूचा कण घासला जाऊन ओरखडा पडतो, तो पुन्हा जात नाही.

आधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, पंखा बंद करावा. भिंगाचे तोंड खाली धरून रबरी पंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. मग मऊ ब्रश फिरवावा. तरीही डाग राहिला तरच स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसावे.

भिंगाच्या आत एखादा कण दिसला तरी स्क्रू खोलू नयेत. असा कण सहसा फोटोत उमटत नाही. उलट खोलल्याने जास्त धूळ आत शिरते.

बंधू-भगिनींनो, कॅमेरा स्वच्छ झाला की पहिला फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांचा काढा. जयभीम!