सीप्झच्या गेटवर सुट्टीच्या वेळी

अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूने गेलं की सीप्झचं गेट लागतं. 1973 साली निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी ही वसाहत सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांचे कारखाने आले. सुरुवातीपासून इथे तरुण, बहुतेक अविवाहित मुलींचा भरणा. बारीक कामाला मुलींची बोटं बरी, असं सांगितलं जाई. मुली कमी पगारात मिळतात, हे मात्र कुणी बोलत नसे.

परवा मगरिबच्या सुमारास मी तिथे बसची वाट पाहत होते. सुट्टी झाली आणि मुलींचा लोंढा बाहेर आला. कुणी बुरख्यात, कुणी ओढणी सावरत, कुणी रिकामा डबा पिशवीत कोंबत.

"अस्सलामु अलैकुम, टीचर!"

माझी जुनी विद्यार्थिनी. गणितात वर्गात पहिली असायची. आता मेणाच्या नमुन्यात बारीक खडे बसवते. त्यावरून पुढे सोन्याचा दागिना ओततात. रोज निघताना झडती होते. "सवय झाली," म्हणाली.

"बारावीनंतर का थांबलीस गं?"

"भाईचं इंजिनीअरिंग चालू आहे ना. फी माझ्या पगारातून जाते."

"आणि स्वतःला किती ठेवतेस?"

ती हसली. "रिक्षापुरते."

बसमध्ये मला अमेरिकेतलं लॉवेल आठवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावी 1820 च्या दशकात कापडगिरण्या निघाल्या आणि शेतकऱ्यांच्या मुली कामाला आल्या. घंटेवर उठायचं, बारा-तेरा तास राबायचं, कंपनीच्या वसतिगृहात राहायचं. त्यांतल्याही अनेकींचा पगार भावांच्या शिक्षणाला जाई. पण 1834 मध्ये पगार कापला तेव्हा त्यांनी काम बंद केलं. 1836 मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढला तेव्हा पुन्हा. त्यांच्या लेखनाचं मासिकही निघायचं.

आपल्या घरांत मुलाचा पगार म्हणजे कमाई आणि मुलीचा म्हणजे मदत. सूरह निसामध्ये स्त्रीच्या कमाईत तिचा वाटा स्पष्ट सांगितला आहे. हे आपण दर्समध्ये ऐकतो आणि पगाराच्या दिवशी विसरतो. मीही विसरले होते. लग्नाआधी माझा पहिला पगार कुठे गेला, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

या रविवारी तिच्या अब्बूंना भेटायला जाणार आहे. मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ची माहिती काढून ठेवली आहे. नोकरी सोडायची गरज नाही, एवढं त्यांना आधी सांगेन. फीचं नंतर बोलू.